८,७५,३९,३१९ : एका मोठ्या संख्येची कुंडली मांडताना

वहीचं एक कोरं पान घ्या आणि वरती ही संख्या लिहा: ८,७५,३९,३१९. आठ कोटी पंच्याहत्तर लाख एकोणचाळीस हजार तीनशे एकोणीस. दिसायला अगदीच साधी, कुणाचा तरी ग्राहक क्रमांक वाटावा अशी. खाली भरपूर जागा सोडा, कारण पान भरणार आहे.

सोबत एक साधा कॅलक्युलेटर पुरे. पद्धत कुठल्याही सात-आठ अंकी संख्येला चालते. मी हीच का निवडली ते घनांपाशी पोहोचल्यावर कळेल. नवखी मंडळी बहुतेक वेळा संख्येला एकेक बिरुद लावून पाहतात: ही परिपूर्ण आहे का, वर्ग आहे का, अमुक प्रकारात बसते का. त्यात वेळ फार जातो. आधी मूळ अवयव पाडा. ते हातात आले की अर्धी-अधिक बिरुदं आपोआप लागतात किंवा गळून पडतात.

आधी स्वल्पविराम हलवा

लाख-कोटीचे स्वल्पविराम वाचायला सोयीचे असतात, पण आता करायच्या कसोटीला नाहीत. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ८७ | ५३९ | ३१९.

तीनच का? कारण १००० च्या एका बाजूला ९९९ आहे आणि दुसऱ्या बाजूला १००१. ९९९ = २७ × ३७ आणि १००१ = ७ × ११ × १३. गटांची नुसती बेरीज केली की २७ आणि ३७ यांची कसोटी होते. गट आलटून-पालटून अधिक-उणे केले की ७, ११ आणि १३ यांची होते. दोन ओळींत पाच कसोट्या.

बेरीज: ८७ + ५३९ + ३१९ = ९४५. त्याला २७ ने भागलं की बरोबर ३५ येतात, म्हणजे आपल्या संख्येलाही २७ ने निःशेष भाग जातो. ३७ ने जात नाही.

आलटून-पालटून: ३१९ − ५३९ + ८७ = −१३३. उणे चिन्हाची काळजी नको. १३३ म्हणजे ७ × १९. तेव्हा ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने नाही.

इथे हमखास पाय घसरतो. १३३ मध्ये १९ दिसला म्हणून संख्येलाही १९ ने भाग जाईल असं वाटतं. तसं नाही. १००१ च्या अवयवांत १९ नाहीच, त्यामुळे १९ बद्दल ही कसोटी काहीच बोलत नाही. ९४५ मधल्या ५ चंही तेच. संख्येच्या शेवटी ९ आहे, ५ चा संबंध येतोच कुठे?

दुसरी ठेच अंकांच्या बेरजेची. ८+७+५+३+९+३+१+९ = ४५, म्हणून ९ ने भाग जातो, हे शाळेतलंच. पण ४५ ला २७ ने भाग जात नाही यावरून संख्येलाही जात नाही असं म्हणता येत नाही. अंकांची बेरीज ३ आणि ९ पुरतीच खरी. २७ साठी तीन-तीनचे गटच हवेत.

अवयव पाडायला घ्या

८७५३९३१९ ÷ २७ = ३२४२१९७. याच्या अंकांची बेरीज २८, म्हणजे ३ चं काम संपलं. आता ७: ३२४२१९७ ÷ ७ = ४६३१७१. पुन्हा ७ ने भागून पाहा, बाकी २ उरते. हे ‘पुन्हा भागून पाहणं’ विसरू नका. एकच मूळ संख्या दोनदा-तीनदा बसलेली असते आणि आपण पुढे निघून जातो.

११ आणि १३ आधीच बाद झाले आहेत. १७ पासून एकेक मूळ संख्या घ्या. कॅलक्युलेटरवर बाकी काढायची तर अशी: ४६३१७१ ÷ १७ = २७२४५.३५… येतात. दशांश चिन्हामागचं सोडून द्या, २७२४५ × १७ = ४६३१६५, आणि वजाबाकी ६. तीच बाकी. याच रीतीने १९ ला ८ उरतात, २३ ला २०, २९ ला १२. आणि ३१ ला शून्य.

४६३१७१ ÷ ३१ = १४९४१.

इथे मी स्वतः फसलो होतो. पहिल्यांदा ही संख्या सोडवताना १४९४१ ला ३७, ४१, ४३, ४७ यांनी भागून पाहिलं, कुणाचाच भाग गेला नाही, कंटाळा आला, आणि ‘मूळ संख्या’ असा शेरा मारून मोकळा झालो. त्याची शिक्षा काय मिळाली ते पुढे सांगतो. थांबायचं कुठे हे कंटाळ्याने ठरत नाही, वर्गमूळाने ठरतं. १२२ चा वर्ग १४८८४ आणि १२३ चा १५१२९, म्हणून १२२ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. आणखी चार पावलं टाकली असती तर ५३, ५९, ६१ नंतर ६७ ला भाग गेला असता: १४९४१ = ६७ × २२३.

२२३ मूळ आहे का? १५ चा वर्ग २२५, म्हणजे १३ पर्यंत पाहिलं की झालं, आणि तिथवरचे सगळे आधीच बाद आहेत. तेव्हा पानावर ठळक लिहा:

८७५३९३१९ = ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३

आणि लगेच उलटा गुणाकार करून ताळा घ्या. २७ × ७ = १८९, × ३१ = ५८५९, × ६७ = ३९२५५३, × २२३ = ८७५३९३१९. ताळा न घेता पुढे जाऊ नका, कारण इथून पुढचं सगळं याच एका ओळीवर उभं आहे.

हेही सांगायला हवं की ही संख्या आपल्यावर मेहरबान होती. तिचं वर्गमूळ साधारण ९३५६ आहे. सगळे अवयव मोठे निघाले असते, किंवा संख्या स्वतःच मूळ असती, तर तिथवरच्या अकराशेहून अधिक मूळ संख्यांनी भागत बसावं लागलं असतं. म्हणून पंधरा मिनिटांत अवयव हाती लागले नाहीत तर सरळ संगणकाकडे द्या, त्यात कमीपणा नाही. स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता राखतं. त्यापलीकडचे अंक शून्य होऊन जातात आणि बाकी चुकते.

विभाजक मोजा

घातांकांत एकेक मिळवून गुणाकार करायचा. ३ चा घातांक ३, बाकी चौघांचा १. (३+१) × २ × २ × २ × २ = ६४ विभाजक. १ आणि ती संख्या धरून.

विभाजकांची बेरीज काढायला चौसष्ट आकडे लिहायची गरज नाही. प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची बेरीज घ्या आणि त्या बेरजा गुणा: (१+३+९+२७) = ४०, मग ८, ३२, ६८, २२४. गुणाकार १५,५९,७५,६८०. यातून संख्या स्वतः वजा केली की ६,८४,३६,३६१ उरतात. हे आपल्या संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून ही ‘न्यून’ संख्या. बरोबर तितकेच उरले असते तर ‘परिपूर्ण’, जसे ६ चे विभाजक १ + २ + ३. जास्त उरले असते तर ‘विपुल’. विषम संख्या सहसा न्यूनच निघतात. विपुल असलेली सर्वांत लहान विषम संख्या कोणती? ९४५. मघाशी गटांच्या बेरजेत आलेली तीच. योगायोग आहे, पण लक्षात राहायला बरा.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ (१ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, हेही याच ओळीतून निघतं: १८ × ६ × ३० × ६६ × २२२ = ४,७४,७२,४८०. १८ हा २७ मधला वाटा (२७ वजा ९), बाकीचे प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून. अवयवांत ३ तीनदा आल्यामुळे संख्या ‘वर्गमुक्त’ नाही, एवढं नोंदवून पुढे चला.

वर्गांची दारं बंद

९३५६² = ८,७५,३४,७३६ आणि ९३५७² = ८,७५,५३,४४९. आपली संख्या या दोघांच्या मधे, म्हणजे वर्गसंख्या नाही. अवयवांवरूनही हे दिसतच होतं. वर्गसंख्येत प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असावा लागतो, इथे एकाचाही नाही.

बरं, दोन वर्गांची बेरीज? विषम मूळ संख्यांचे दोन गट पडतात: ४ ने भागल्यावर १ उरणाऱ्या आणि ३ उरणाऱ्या. दोन वर्गांची बेरीज व्हायची तर ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा. आता आपली ओळ पाहा. ३, ७, ३१, ६७, २२३. पाचही जण ३ उरणारेच, आणि पाचही विषम वेळा. दार बंद.

तीन वर्गांची? लेजांद्र यांच्या प्रमेयानुसार, ८ ने भागून ७ उरणारी संख्या तीन वर्गांत मांडता येत नाही. शेवटचे तीन अंक पुरे: ३१९ = ८ × ३९ + ७. तेही दार बंद.

चार वर्गांत मात्र प्रत्येक धन पूर्णांक मांडता येतो, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केलं. सिद्ध केलेलं असलं तरी आपल्या हाताने एकदा करून पाहावं. ९३५५ चा वर्ग काढून टाकला की २३२९४ उरतात. त्यातून १५० चा वर्ग काढला की ७९४. आणि ७९४ म्हणजे ६२५ + १६९.

८७५३९३१९ = ९३५५² + १५०² + २५² + १३²

घन: इथेच खरी मजा

वर्गांच्या बाबतीत इतकी हटवादी असलेली ही संख्या घनांच्या बाबतीत एकदम उदार आहे.

आधी तयारी म्हणून १७२९ घ्या. इंग्रज गणिती हार्डी यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: आजारी रामानुजनना भेटायला जाताना ते ज्या टॅक्सीने गेले तिचा हा क्रमांक. संख्या नीरस वाटते असं ते म्हणाले, तर रामानुजन उत्तरले की उलट ती फार रंजक आहे. दोन घनांच्या बेरजेच्या रूपात दोन तऱ्हांनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या: १³ + १२³ आणि ९³ + १०³.

असे घन शोधायचे कसे? नवखा माणूस १ पासून घन वजा करत सुटतो. आपल्याकडे अवयव आहेत, तेच वापरू. दोन संख्यांना क आणि ख म्हणा. शाळेतलं सूत्र:

क³ + ख³ = (क + ख)(क² − कख + ख²)

म्हणजे क + ख हा आपल्या संख्येचा विभाजकच असणार. विभाजक चौसष्ट आहेत, पण त्यातले बरेच लगेच गळतात. क + ख चा घन हा घनांच्या बेरजेपेक्षा मोठा असतो, आणि ४४४³ = ८,७५,२८,३८४, म्हणून क + ख किमान ४४५ हवा. दुसऱ्या टोकाला, क आणि ख जितके जवळ तितकी त्यांच्या घनांची बेरीज लहान. दोघे सारखे धरले की (क + ख)³ आपल्या संख्येच्या चौपटीहून मोठा होऊ शकत नाही असं निघतं, म्हणजे जास्तीत जास्त ७०४. आता ४४५ ते ७०४ मधले विभाजक शोधा. चारच सापडतात:

४६९ = ७ × ६७
६०३ = ९ × ६७
६५१ = ३ × ७ × ३१
६६९ = ३ × २२३

त्यातला ४६९ पहिल्याच फटक्यात बाद. कुठलीही संख्या आणि तिचा घन यांना ३ ने भागलं की बाकी सारखीच उरते. आपल्या संख्येला ३ ने भाग जातो, म्हणून क + ख लाही जायला हवा. ४६९ ला जात नाही.

उरले तीन. ६०३ घेऊन पूर्ण करून दाखवतो. ८७५३९३१९ ÷ ६०३ = १४५१७३. ६०३² = ३६३६०९. दोघांची वजाबाकी २१८४३६, आणि तिला ३ ने भागलं की कख मिळतो: ७२८१२. आता (क − ख)² = ६०३² − ४ × ७२८१२ = ७२३६१. हा २६९ चा वर्ग आहे! बेरीज ६०३, वजाबाकी २६९, म्हणून क = ४३६, ख = १६७. तो आकडा पूर्ण वर्ग निघाला नसता तर तो विभाजक सोडून द्यायचा होता.

६५१ आणि ६६९ तुम्ही करा. वजाबाक्या अनुक्रमे १९५ आणि १५९ यायला हव्यात. शेवटी पानावर या तीन मांडण्या दिसतील:

८७५३९३१९ = १६७³ + ४३६³
= २२८³ + ४२३³
= २५५³ + ४१४³

आता माझी शिक्षा. मी १४९४१ ला मूळ समजून बसलो होतो, त्यामुळे माझ्या यादीत ६७ नव्हता आणि २२३ ही नव्हता. विभाजक ६४ ऐवजी ३२ आले आणि ४४५ ते ७०४ मधे एकटा ६५१ उरला. तीन जोड्यांपैकी एकच हाती लागली, आणि ‘या संख्येत विशेष काही नाही’ असं मी खाली लिहूनही टाकलं. पान अजून जपून ठेवलंय.

या पद्धतीने नुसत्या जोड्या सापडत नाहीत, चौथी जोडी नाही याची खात्रीही होते, कारण उमेदवारच चार होते आणि एक बाद झाला. तीन तऱ्हांनी असं मांडता येणारी सर्वांत लहान संख्या हीच, हे मात्र एकट्या या संख्येवरून कळत नाही. त्यासाठी तिच्यापेक्षा लहान सगळ्या तपासाव्या लागतात. जॉन लीच यांनी ती १९५७ मध्ये शोधली. १७२९ च्या गोष्टीवरून या कुळाला ‘टॅक्सीकॅब संख्या’ हे नाव पडलं, आणि ८७५३९३१९ ही त्यातली तिसरी, म्हणजे तीन तऱ्हांची.

एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीतल्या चारही संख्यांना ३ ने भाग जातो. भागून पाहा: ७६, १४१ आणि ८५, १३८. म्हणजे मघाशी २७ ने भागून मिळालेली ३२४२१९७ ही स्वतःच दोन तऱ्हांनी दोन घनांची बेरीज आहे. तिला २७ ने गुणल्यावर १६७ आणि ४३६ ही आणखी एक जोडी कुठून तरी नव्याने उगवते.

अंकांवर बेतलेली बिरुदं

ही शेवटी ठेवली, कारण ती संख्येइतकीच आपल्या लिहिण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असतात. पाया दहाऐवजी दुसरा घेतला की बदलतात. मला स्वतःला त्यांचं फार अप्रूप नाही, पण खेळायला छान आहेत.

हर्षद संख्या ही कल्पना द. रा. कापरेकर यांची: अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग जायला हवा. १७२९ हर्षद आहे, १ + ७ + २ + ९ = १९ आणि १९ × ९१ = १७२९. आपल्या संख्येची बेरीज ४५, आणि शेवटी ९, म्हणजे ५ ने भाग नाही. हर्षद नाही.

कापरेकरांचीच दुसरी कल्पना स्वयंभू संख्येची: एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी कधीच तयार होत नाही ती. आपली स्वयंभूही नाही. ८७५३९२७४ च्या अंकांची बेरीज ४५ आहे, ती त्यात मिळवून पाहा.

द्विमान पद्धतीत ती २७ अंकी होते: १०१ ००११ ०१११ १०११ १११० ०१११ ०१११. शेवटचे तीन एक म्हणजेच मघाचा ‘८ ने भागून ७’. तीन वर्गांचं दार बंद आहे हे इथे नुसतं पाहूनच कळतं.

पान भरलं की ‘ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस’ या संकेतस्थळावर संख्या टाकून पाहा. ती कोणकोणत्या मालिकांत आहे ते तिथे दिसतं. आधी मात्र पाहू नका. उत्तर पाहून अवयव पाडण्यात काय राम आहे?

पुढच्या सरावाला टॅक्सीकॅब कुळातली चौथी घ्या: ६९६३४७२३०९२४८. चार तऱ्हा आहेत. तेरा अंक पाहून दचकू नका, दहा वेळा निमपट केली की ती विषम होते आणि तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव फक्त १२७ आहे. आठ अंकी पडद्याच्या कॅलक्युलेटरवर मात्र ती मावणार नाही.